लाय की ले, राइझ की रेझ? आधी मराठीत 'ने' लागतो का बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे नोकरी करतात, ऑफिसचे मेल इंग्रजीत लिहावे लागतात, डिपार्टमेंटच्या परीक्षेत 'योग्य क्रियापद निवडा' टाइपचे प्रश्न येतात, आणि लाय-ले, राइझ-रेझ, सिट-सेट, फाउंड-फाउंडेड, लूझ-लूस, अफेक्ट-इफेक्ट असल्या जोड्या कितीही पाठ केल्या तरी आयत्या वेळी नेमकं उलटं लिहिलं जातं. हे लक्षात ठेवायचं कसं?

मी बरीच वर्षं मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आणि नोकरदारांना इंग्रजी शिकवते, आणि माझं पहिलं सांगणं असतं की ती यादी पाठ करणं बंद करा. यादीतल्या सगळ्या जोड्या एका जातीच्या नसतातच. काहींमधे व्याकरणाचा संबंध आहे, काहींमधे उच्चाराचा, आणि काही निव्वळ योगायोगाने सारख्या ऐकू येतात, आणि हे सगळं एकत्र करून पाठ केलं की डोक्यात फक्त 'या दोघांत काहीतरी फरक आहे' एवढंच उरतं, फरक कोणता ते उरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चार जोड्यांचा, त्यांच्यापासून सुरू करू. लाय-ले, राइझ-रेझ, सिट-सेट, फॉल-फेल (हे फेल म्हणजे नापास होणं नव्हे, एफ-ई-एल-एल वालं). आता मराठीतल्या या जोड्या बघा: पडणे-पाडणे, बसणे-बसवणे, उठणे-उठवणे, मरणे-मारणे, फुटणे-फोडणे. पहिलं क्रियापद आपलं आपण होतं, दुसरं कोणीतरी कोणालातरी करायला लावतं. शाळेत याला अकर्मक आणि सकर्मक म्हणायचे, आणि बसवणे-उठवणे यांना प्रयोजक क्रियापद म्हणायचे, मार्कांपुरतं लिहून विसरलो आपण सगळे. इंग्रजीतल्या त्या चार जोड्या हुबेहूब याच प्रकारच्या आहेत. लाय म्हणजे आडवं असणं, पडून असणं, आणि ले म्हणजे आडवं ठेवणं, घालणं. राइझ म्हणजे वर येणं, रेझ म्हणजे वर उचलणं. सिट बसणे, सेट बसवणे. फॉल पडणे, फेल पाडणे.

तुम्ही म्हणाल हे तर आम्हाला माहितीय, 'लायला ऑब्जेक्ट लागत नाही, लेला ऑब्जेक्ट लागतो' असं प्रत्येक गाइडमधे असतं. असतं, पण वाक्य लिहिताना ऑब्जेक्ट शोधत बसायला वेळ कोणाला आहे! आणि ते शोधायची गरजही नाही, कारण मराठी माणसाच्या कानात हे आधीच बसलेलं आहे. भूतकाळात आपण 'तो पडला' म्हणतो पण 'त्याने झाड पाडलं' म्हणतो. 'तो बसला', पण 'त्याने गणपती बसवला'. 'ती उठली', पण 'तिने बाळाला उठवलं'. हा 'ने' कुठे लावायचा आणि कुठे नाही हे चार वर्षांच्या पोरालाही कोणी शिकवत नाही, त्याचं त्याला येतं. हाच तो दहावीचा कर्तरी आणि कर्मणी-भावे प्रयोग. मग एवढंच करायचं, जे वाक्य लिहायचंय ते मनात मराठीत भूतकाळात म्हणायचं, कर्ता 'तो' किंवा 'ती' घ्यायचा, आणि 'ने' आला का बघायचं. 'मी' किंवा 'तू' घेऊ नका, त्यांना 'ने' लागतच नाही, 'मी पडलो' आणि 'मी पाडलं' यात कानाला काही सापडत नाही.

आता गंमत बघा. 'ने' मधे 'ए' आहे. ले, रेझ, सेट, फेल या चारही क्रियापदांत तोच 'ए' आहे. लाय, राइझ, सिट, फॉल यांच्यात नाही. म्हणजे मराठीत 'ने' आला की इंग्रजीतलं 'ए' वालं घ्यायचं, 'ने' नाही आला की दुसरं. बास. फाइल टेबलावर पडून होती, 'फाइलने' नाही, म्हणून लाय. त्याने फाइल टेबलावर ठेवली, 'ने' आला, म्हणून ले. भाव वाढले, 'भावांनी' असं कोणी म्हणत नाही, म्हणून 'प्राइसेस आर राइझिंग'. कंपनीने भाव वाढवले, म्हणून 'द कंपनी इज रेझिंग प्राइसेस'. मेलमधे मला जी चूक सारखी दिसते ती 'कॉस्ट्स आर रेझिंग' ही, आणि तिची उलट 'प्लीज राइझ अ तिकीट' ही, दोन्ही या एका तपासणीत पकडल्या जातात.

कर्ता गायब असेल तेव्हा जरा थांबायचं. 'भाडं वाढवण्यात आलं' यात 'ने' दिसत नाही, पण वाढवलं कोणीतरी, तो माणूस फक्त वाक्याबाहेर उभा आहे. मालकाने वाढवलं, म्हणून रेझ, 'द रेंट वॉज रेझ्ड'. सरकारी पत्रात निम्मी वाक्यं 'करण्यात आले आहे' वालीच असतात, त्यामुळे ऑफिसवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

खरा सापळा मात्र भूतकाळात आहे आणि परीक्षा घेणारे तिथेच दबा धरून बसतात. लायचा भूतकाळ आहे ले. हो, तोच एल-ए-वाय. लाय, ले, लेन. आणि ठेवणे या अर्थाचं ले, लेड, लेड (एल-ए-आय-डी). 'काल मी दिवसभर पडून होतो' हे 'आय ले इन बेड ऑल डे यस्टरडे' असं होतं, 'लेड' नाही. तसंच फॉलचा भूतकाळ फेल, आणि पाडणे या अर्थाचं फेल, फेल्ड, फेल्ड. त्यामुळे वरची 'ए' वाली युक्ती मूळ रूपालाच लावायची, भूतकाळाच्या रूपाला नाही. आधी क्रियापद ठरवा, मग त्याचा काळ करा, दोन्ही एकदम करायला गेलात की फसलात. इथे एक मदत मात्र आहे: 'ने' वाली इंग्रजी क्रियापदं सगळी सरळमार्गी आहेत, शेवटी 'ड' लावला की झालं, लेड, रेझ्ड, फेल्ड (सेट तेवढं तिन्ही काळांत सेटच राहतं). बिन-'ने' वाली सगळी पोटातला स्वर बदलतात, ले, रोझ, सॅट, फेल. म्हणून 'राइझ्ड' असं रूप कुठे दिसलं तर डोळे झाकून चूक समजा. खोटं बोलणे हे लाय वेगळं, ते लाय, लाइड, लाइड असं चालतं, त्याचा या कुटुंबाशी काही संबंध नाही.

लेड खूप ठिकाणी आपल्या डोळ्यासमोरच असतं. कुठल्याही जुन्या शाळेची, दवाखान्याची इंग्रजी कोनशिला वाचा, 'फाउंडेशन स्टोन लेड बाय' अमुक तमुक. मंत्र्याने दगड ठेवला, 'ने' आला, लेड. कोंबडीने अंडं घातलं, परत 'ने', म्हणून 'द हेन लेड ॲन एग'. आयटीवाल्यांचा ले-ऑफ पण तोच, कंपनीने माणसं काढली. आणि फेल हे क्रियापद रोजच्या बोलण्यातून जवळपास गेलंय, पण कायद्यात ठाण मांडून आहे: महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर जो १९६४ चा कायदा आहे त्याच्या इंग्रजी नावातच 'फेलिंग ऑफ ट्रीज' आहे. मेट्रोसाठी नाहीतर रस्त्यासाठी झाडं तोडली की इंग्रजी पेपरात 'ट्री फेलिंग' येतं ते हेच. तिथे 'फॉलिंग ऑफ ट्रीज' लिहिलंत तर झाडं वादळात आपली आपण पडली असा अर्थ होईल, आणि मग दंड कोणाला करणार!

हे मराठी-इंग्रजी जुळतं तो योगायोग नाहीये, आणि मला स्वतःला या सगळ्या विषयात हाच भाग सगळ्यात आवडतो. संस्कृतमधे पतति म्हणजे पडतो आणि पातयति म्हणजे पाडतो, म्रियते मरतो आणि मारयति मारतो. आपलं पडणे-पाडणे, मरणे-मारणे तिथून आलं. संस्कृतमधलं दुसरं क्रियापद शेवटी जो 'अय' लावून बनतं, त्याचाच भाऊ जर्मन-इंग्रजी घराण्यात होता, 'य' असलेला प्रत्यय. चौथ्या शतकात बायबलचं गॉथिक भाषेत भाषांतर झालं, त्यात बसवणे म्हणजे 'सत्यन' आणि ठेवणे म्हणजे 'लग्यन' अशी रूपं आहेत. जुन्या इंग्रजीत येईपर्यंत त्या मागच्या 'य' ने आधीच्या 'अ' ला आपल्याकडे ओढला आणि 'सेत्तन' झालं, पुढे प्रत्यय झिजून गेला, पण ओढलेला स्वर तसाच राहिला. सेट आणि फेल मधला 'ए' म्हणजे त्या गेलेल्या 'य' च्या पावलाचा ठसा. संस्कृतचं सीदति-सादयति आणि इंग्रजीचं सिट-सेट ही तर एकाच धातूची जोडी आहे. (रेझ मधला 'ए' वेगळ्या वाटेने आलाय. ते अस्सल इंग्रजी नाही, व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून आलं. इंग्रजीचं घरचं क्रियापद होतं रिअर, ते पण आहे अजून, शेळीपालनाच्या माहितीत 'गोट रिअरिंग' असतं ते.)

अशीच एक विसरलेली जोडी म्हणजे ड्रिंक आणि ड्रेंच. आज ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणे, पण मूळ अर्थ पाजणे. पशुवैद्यकात तो अर्थ अजून जिवंत आहे, शेळ्यामेंढ्यांना जंताचं औषध तोंडातून पाजतात त्याला ड्रेंचिंगच म्हणतात. पिणे-पाजणे, ड्रिंक-ड्रेंच. मेंढपाळाला हे सांगितलं तर त्याला लगेच पटेल, इंग्रजीच्या प्रोफेसरला कदाचित दोनदा सांगावं लागेल.

मराठीत असल्या जोड्या ढिगाने आहेत आणि रोज नवीन बनवता येतात. इंग्रजीने ती सवय कधीच सोडून दिली. ब्रेक म्हणजे फुटणे पण आणि फोडणे पण, बर्न म्हणजे जळणे पण आणि जाळणे पण, ओपन तर आपल्यासारखंच, दार उघडलं आणि त्याने दार उघडलं. म्हणजे इंग्रजीत मुद्दाम शिकायच्या आहेत त्या याच चार जोड्या. त्यामुळे घाबरू नका.

आता या तपासणीला अपवाद नाहीत असं नाही. मराठीत काही क्रियापदं कर्म घेऊनही 'ने' घेत नाहीत, तो धडा शिकला, तो जेवण जेवला, ती नाव विसरली. सुदैवाने आपल्या चार जोड्यांच्या मराठी अर्थांत यातलं एकही येत नाही. इंग्रजीच्या बाजूला सेट थोडं खट्याळ आहे. सूर्य मावळतो तेव्हा 'द सन सेट्स', दही लागतं तेव्हाही सेट, सिमेंट धरतं तेव्हाही सेट, आणि या सगळ्यांत 'ने' नाही. हे तीन-चार वापर वेगळे लक्षात ठेवा. आणि हो, अमेरिकेत घरगुती बोलताना लोक सर्रास 'आय ॲम गोइंग टू ले डाउन' म्हणतात, सिरीयलमधे ऐकून तुम्ही मला विचाराल म्हणून आधीच सांगते, बोलताना खपतं, पेपरात आणि मेलमधे नाही.

राइझच्या शेजारी अराइझ पण राहतं, त्यालाही 'ने' नाही, पण ते वस्तू वर जाण्यासाठी नाही, अडचण, प्रश्न, गरज उद्भवण्यासाठी. 'अ प्रॉब्लेम हॅज अरिझन', 'अरोझ' नाही. आणि रेझचा एक उच्चाराने जुळा पण अर्थाने वैरी आहे, आर-ए-झेड-ई वालं रेझ, म्हणजे जमीनदोस्त करणं. अतिक्रमणविरोधी कारवाईच्या बातमीत 'स्ट्रक्चर्स रेझ्ड' असतं ते हे. स्पेलिंग चुकलं तर पाडलेली बिल्डिंग उभी राहते.

फाउंडचा घोळ वेगळ्या प्रकारचा आहे. सापडणे म्हणजे फाइंड, त्याचा भूतकाळ फाउंड. स्थापन करणे हे क्रियापद मुळातच फाउंड, त्याचा भूतकाळ फाउंडेड. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मधे स्थापन झालं, 'वॉज फाउंडेड इन १८८५'. निबंधात पोरं 'वॉज फाउंड इन १८८५' लिहितात, म्हणजे ते कॉलेज आधीपासून तिथे होतं आणि १८८५ मधे कोणाला तरी सापडलं. सत्यशोधक समाज फुल्यांनी १८७३ मधे स्थापन केला, तिथेही फाउंडेडच.

हँगचा घोळ याच्या उलट, एक क्रियापद आणि दोन भूतकाळ. माणसाला फाशी दिलं तर हँग्ड, बाकी काहीही टांगलं, लटकलं तर हंग. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना २३ मार्च १९३१ ला लाहोरला फाशी दिलं, इंग्रजीत 'वेअर हँग्ड', 'हंग' लिहिलं तर भिंतीवरचा फोटो डोळ्यासमोर येतो. हँग्ड हे जुनं रूप कोर्टाच्या भाषेमुळे टिकलं असं मानतात. आपल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५४ मधे पण शिक्षेचे शब्द तसेच होते, मरेपर्यंत गळ्याला 'हँग्ड'. मोबाइल अडकला तर मात्र हंग, आणि त्रिशंकू विधानसभा पण हंगच.

आता दुसरी जात, उच्चाराची. लूझ आणि लूस. एल-ओ-एस-ई म्हणजे हरवणे, हरणे, त्याचा शेवट झ. एल-ओ-ओ-एस-ई म्हणजे सैल, त्याचा शेवट स. आपण दोन्हीला 'लूज' म्हणतो, नटबोल्ट लूज, मोशन लूज, मॅच पण लूज, आणि मग लिहिताना दोन ओ आले की एक हे कानावरून कळायचा मार्गच बंद. इथे उच्चार सुधारला की स्पेलिंग आपोआप सुधारतं. आणि यामागे एक नियमित गोष्ट आहे: इंग्रजीत नाम किंवा विशेषणाचा शेवट कठोर आणि क्रियापदाचा शेवट मृदू असं खूप ठिकाणी सापडतं. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, ॲडव्हाइझ म्हणजे सल्ला देणे. यूस-यूझ, स्पेलिंग एकच, उच्चार दोन. हाउस-हाउझ पण तसंच. प्रूफ-प्रूव्ह, बिलीफ-बिलीव्ह, ग्रीफ-ग्रीव्ह. ब्रेथ-ब्रीद, बाथ-बेद. व्यायामाच्या व्हिडिओखाली 'टेक अ डीप ब्रीद' असं लिहिलेलं बघते तेव्हा मलाच एक मोठा श्वास घ्यावा लागतो, तिथे नाम हवंय, ब्रेथ. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटी 'अन' असा प्रत्यय असायचा, त्यामुळे मधलं व्यंजन दोन स्वरांच्या कात्रीत सापडून मृदू झालं, नंतर प्रत्यय गळून पडला. काही शब्द नंतर याच वळणावर गेले. प्रॅक्टिस हे एक मात्र फसवं, ब्रिटिश पद्धतीत नामाला सी आणि क्रियापदाला एस, पण उच्चार दोन्हीचा सारखाच.

तिसरी जात, निव्वळ सारखे दिसणारे शब्द. यांना युक्ती नाही, प्रत्येकाला एक पक्कं मराठी वाक्य बांधायचं आणि पुढे जायचं. अडॉप्ट दत्तक घेणे, धोरण स्वीकारणे. अडॅप्ट जुळवून घेणे. अफेक्ट परिणाम करणे, पावसाने पिकांवर परिणाम केला तिथे अफेक्ट. इफेक्ट बहुतेक वेळा नाम, परिणाम. पण क्रियापद म्हणूनही येतं आणि तेव्हा अर्थ घडवून आणणे असा होतो, 'इफेक्ट अ चेंज', बँकेच्या पत्रात 'इफेक्ट द पेमेंट', आणि बँकेच्या परीक्षांत हाच वापर विचारून पोरांना पाडतात.

एन्शुअर, इन्शुअर, अ‍ॅशुअर यांच्यात इन्शुअर म्हणजे विमा उतरवणे. एन्शुअर म्हणजे एखादी गोष्ट होईलच असं बघणे, ऑफिसच्या मेलमधे दहापैकी नऊ वेळा तुम्हाला हेच हवं असतं. अ‍ॅशुअर म्हणजे माणसाला खात्री देणे, त्यामुळे त्याच्यामागे माणूस हवाच, 'आय अ‍ॅशुअर यू'. मग एलआयसीच्या पॉलिसीवर 'सम अ‍ॅशुअर्ड' का असतं, असं कोणीतरी विचारतंच. आयुर्विम्यात अ‍ॅशुअर वापरायची जुनी रीत आहे, कारण मृत्यू येणार हे नक्की, फक्त कधी ते माहीत नाही. आग किंवा चोरी होईलच असं नाही, तिथे इन्शुअर.

शेवटी वेव्ह, कारण तुम्ही सरकारी खात्यात असाल तर हे लागणारच. हात हलवणे डब्ल्यू-ए-व्ही-ई, माफ करणे यात मधे आय घालायचा. शेतकरी कर्जमाफी, २०१७ ची असो की २०१९ ची, इंग्रजीत 'लोन वेव्हर', आणि त्यातही तो आय हवा. आय गाळलात तर वेव्हर म्हणजे डगमगणे, का-कू करणे असा वेगळाच शब्द होतो. 'द गव्हर्न्मेंट विल वेव्ह द फी' मधे आय विसरलात तर सरकार फीला टाटा करतंय असं वाचलं जाईल.